लाल झेंड्यांचा हिवाळा

गेल्या आठवड्यात शेजारच्या तुरीत दोन माणसं शिरली. तीन पायांचं यंत्र, एक लांब पट्टी आणि लाल कापडाचे तुकडे बांधलेल्या काड्यांचा भारा. रस्ता रुंद व्हायचाय म्हणे. शेजाऱ्याची सून बांधावर येऊन विचारत होती, "आमची किती जाईल हो यात?" त्यांतला एक जण हसून म्हणाला, "आत्ताच काय सांगता येत नाही, ताई." मी ओट्यावर बसलो होतो. माझं वय आता असं आहे की मला कुणी काही विचारत नाही, आणि ते बरंच आहे. पण तुरीच्या पिवळ्या फुलांतून तो लाल तुकडा फडफडायला लागला तेव्हा मी उठून घरात गेलो आणि दार लोटून घेतलं. माझ्या सुनेनं विचारलं, "थंडी वाजली का?" मी हो म्हणालो.

थंडी होतीच. कापूस वेचायला आलेला, ज्वारी पोटऱ्यात, करडईचे काटे अजून कोवळे. दर वर्षी हे दिवस येतात आणि लोकांना हुरड्याची आठवण होते. मला लाल झेंड्यांची होते.

तो हिवाळा निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला. मी तेव्हा बोरीच्या शाळेत मास्तर होतो. परभणीला राहून उर्दूत शिकलेला, म्हणून पंचक्रोशीत माझ्या हाताला भाव होता. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. कुणाची अर्जी लिहायची असो, कुणाला आलेला सरकारी कागद वाचून घ्यायचा असो, माणसं माझ्याकडे यायची. बायका दारातूनच विचारायच्या, "मास्तर हायती का?" मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं. गाव आणि सरकार यांच्या मधल्या दाराला एकच कडी होती, आणि ती माझ्या हातात होती.

बोरीकडच्या गावांचा सगळा माल मानवतला जायचा. कापूस, ज्वारी, तूर, सगळं. या दिवसांत गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी पांढऱ्या दिसायच्या; गाड्यांतून बाहेर आलेला कापूस काट्यांना अडकून राहायचा. वाटेत दुधना नदी. तिच्यावर पूल नव्हता, उतार होता. हिवाळ्यात गुडघाभर पाणी. बैल थांबून प्यायचे आणि पुढं जायचे. पावसाळ्यात मात्र नदी दोन-दोन, तीन-तीन दिवस कुणाला पलीकडे जाऊ द्यायची नाही. आणि दवाखाना होता पलीकडे, मानवतला.

उताराला लागूनच एक वाडी होती, पंधरा-वीस घरांची. तिथं धोंडिबा राहायचा. सात एकराचा धनी. काळीभोर, नदीकाठची जमीन, त्यात एक बांधीव विहीर. बायको गयाबाई. त्यांना एकच मुलगी, सगुणा. ती बाळंतपणाला माहेरी आलेली असताना भर श्रावणात अडली. सुईणीनं हात टेकले. धोंडिबानं गाडी जुंपली आणि नदीवर आणली. नदी भरून चाललेली. सकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी काठावर उभी होती. पलीकडच्या काठावर गुरं चरताना दिसत होती, माणसं दिसत होती, कुणाच्या तरी चुलीचा धूर दिसत होता. दुपारी पाणी उतरायला लागलं. तोवर गाडीतला आवाज थांबला होता.

हे मला धोंडिबानं कधी सांगितलं नाही. गयाबाईनं एकदाच सांगितलं, तेही धुराबद्दल. "पलीकडं सैपाक करायले होते मास्तर. वास यायला होता."

त्यानंतरच्याच हिवाळ्यात सडकेचं निघालं. आधी काय व्हायचं की प्रत्येक गाव आपापली वेगळी अर्जी द्यायचं. बोरी म्हणायची आमच्याकडून सडक न्या, दुसरं गाव म्हणायचं आमच्याकडून. मानवतचे व्यापारी वेगळंच लिहायचे. जिंतूरच्या कचेरीतल्या एका साहेबानं शेवटी सांगितलं, सगळ्यांनी मिळून एका तोंडानं बोला. कुठून सडक हवी ते ठरवा, जमीन राजीखुशीनं द्या, दगड-मुरुमाची सोय करा. मग सडकेचं खातं पूल बांधायचा विचार करील. तेव्हा दोन्ही काठांच्या गावांची मिळून एक कमिटी झाली. नदीच्या वरच्या अंगाचे मोठे जमीनदार बापूसाहेब तिचे प्रमुख, आणि लिहिणारा-वाचणारा मी.

आजची पोरं हसतील, पण त्या कमिटीत मला एक वेगळंच वारं लागलं होतं. आठ-दहा गावांची माणसं बोरीच्या चावडीत एकत्र बसलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. जी गावं जत्रेतल्या मानावरून एकमेकांची डोकी फोडायची, ती विचारत होती, "तुमच्याकडं दगड किती निघंल? आमच्याकडं मुरूम हाय." कचेरीकडून नकाशा आला तेव्हा तो चावडीत जमिनीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर चार तांबे ठेवले. माणसं वाकून आपलं गाव शोधायला लागली. एका म्हाताऱ्याला मी त्याचं गाव बोटानं दाखवलं, माशी बसल्यासारखा एक ठिपका. तो म्हणाला, "येवढंच? अन् आमी ह्याच्यासाठी येवढं भांडतो?" सगळे हसले. बापूसाहेबही हसले. ते फार गोड हसायचे.

धोंडिबा नकाशाकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, हितं नदी वळती. कागदावर सरळ हाय."

खात्याकडून मोजणीला मीरसाहेब आले. ओव्हरसियर होते, हैदराबादकडचे. बारीक अंगाचे, गळ्यात मफलर, थंडीनं नाक कायम लाल. नदीकाठच्या बाभळीखाली त्यांचा तंबू लागला. मी त्यांच्याबरोबर दुभाषा म्हणून असायचो. सकाळी धुकं उठायच्या आत त्यांचं यंत्र उभं राहायचं आणि मजूर लाल झेंडे घेऊन शेताशेतांतून पळायचे. करडईतून चालताना धोतराला काटे चिकटायचे. संध्याकाळी बसून ते काढणं हे एक कामच असायचं. मीरसाहेबांनी हुरडा आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला तो धोंडिबाच्या शेतात. गयाबाईनं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, हातावर चोळून दिली, वर तिळाची चटणी. साहेब मूठ-मूठ खात होते आणि म्हणत होते, "अरे ये क्या चीज है बाबा, हमारे कू कोई बोला नहीं."

त्यांना धोंडिबाचं बोलणं माझ्यामार्फत कळायला हवं होतं. पण चार दिवसांत माझी गरज उरली नाही. साहेब विचारायचे, "पानी कित्ता चढता इधर?" धोंडिबा म्हणायचा, "ह्या बाभळीच्या खांदीला लागतंय." दोघंही मान हलवायचे. एके दिवशी धोंडिबानं हातात पहार घेतली आणि साहेबांना म्हणाला, "चला." तो पाण्यात उतरला. आपल्या शेताच्या खाली, नदी जिथं अरुंद होते तिथं, मधोमध जाऊन त्यानं पहार खाली मारली. ठण्ण आवाज झाला. दोन पावलं सरकून परत मारली. पुन्हा तोच आवाज. मग तो आम्हाला काठाकाठानं वरच्या अंगाला घेऊन गेला, बापूसाहेबांच्या शिवाराकडे. तिथं पाणी संथ आणि रुंद. तिथं त्यानं पहार सोडली तर ती निम्मी आत गेली, आणि वर काढायला दोन माणसं लागली.

"हितं नुस्ता गाळ हाय सायेब. माझ्या बापानं बी हितं कातळ बगितला न्हाई."

मीरसाहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्वतः पाण्यात गेले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. दोन्ही ठिकाणी त्यांनी स्वतःच्या हातानं पहार मारून पाहिली. मग काठावर बसून वहीत बराच वेळ लिहिलं. उठताना म्हणाले, "पुल बनेगा तो इधरीच बनेगा. धोंडिबा के पत्थर पे."

दुसऱ्या दिवशी लाल झेंडे धोंडिबाच्या शेतातून ओळीनं नदीपर्यंत गेले. मी त्या ओळीकडे बघत उभा होतो. मला वाटलं, सरकार असं चालायला पाहिजे. खरंच वाटलं.

आता जे सांगायचं ते मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

जमिनी राजीखुशीनं देत असल्याचा कागद कचेरीतून छापून आला. उर्दूत. त्यावर प्रत्येकाचा अंगठा घ्यायचा होता, आणि कागद वाचून, समजावून सांगितला म्हणून खाली मी सही करायची होती. शेवटाकडे एक वाक्य होतं. त्याचा अर्थ असा की दिलेली जमीन सरकार या कामासाठी योग्य वाटेल तशी वापरील, आणि पुढे सडकेची रेषा बदलली तरी ती जमीन कुणी परत मागणार नाही.

मी ते वाक्य घरी दोनदा वाचलं. बापूसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "अहो मास्तर, सरकारी कागदात असं घालायचीच रीत असते. तेवढ्यावरून अडाणी माणसं बिथरली तर सगळंच बसलं. मीरसाहेबांनी रेषा पक्की केलीय ना? मग बदलतंय कशाला!" मग सहज बोलल्यासारखं पुढं म्हणाले, "सडक झाली की या भागात मोठी शाळा मागायची. हेडमास्तर बाहेरून आणायचं काही कारण नाही."

दुपारी मी वाडीला गेलो. धोंडिबाच्या अंगणात बसलो. ऊन मऊ होतं. छपरावर तुरीच्या शेंगा वाळत होत्या. धोंडिबा लगेच अंगठा पुढं करायला निघाला, पण गयाबाईनं त्याचा हात धरला. ती माझ्यासमोर कधी बसत नसे. त्या दिवशी बसली.

"मास्तर, आमाला लिवता-वाचता येत न्हाई. सगळं वाचा. काय बी सोडू नका."

"वाचतो की, गयाबाई."

"पूल व्हतोय म्हणून देतो आमी. सगुणीसाठी देतो. दुसऱ्या कशासाठी न्हाई."

मी वाचायला लागलो. एकेक ओळ उर्दूत वाचून मराठीत सांगत होतो. ती प्रत्येक ओळीला हुंकार देत होती, मध्येच थांबवत होती. विहीर जाईल का? नाही, विहीर बाजूला राहते. जोंधळा काढल्यावर जमीन घेतील ना? हो, काढल्यावर. असे दहा प्रश्न. ऊन कलायला लागलं. मला आणखी चार घरं करायची होती, दुसऱ्या दिवशी मीरसाहेबांचा तंबू हलणार होता. मी त्या शेवटच्या वाक्याशी आलो. गयाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. हे वाचलं तर ती उठणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. ती उठली की वाडी उठणार. वाडी उठली की रेषा तुटली, पूल गेला. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि त्याच्यामागोमाग शाळाही आली. आलीच ती.

मी ते वाक्य डोळ्यांनी वाचलं आणि तोंडानं खालचं वाचलं.

"झालं?" गयाबाईनं विचारलं.

"झालं."

तिनं धोंडिबाचा हात सोडला. त्यानं अंगठा उठवला. खाली मी सही केली. तिनं मला गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं. मी ते प्यालो.

संक्रांत झाली. बापूसाहेबांच्या शिवारात शिकारीचा मोठा तळ पडला. वरच्या कचेरीतले बडे साहेब चार दिवस येऊन राहिले. हरणं मारली, मोर मारले. आम्ही कमिटीवाले फेटे बांधून भेटायला गेलो; आम्हाला बाहेरच्या मांडवात चहा मिळाला. आत काय बोलणं झालं ते मला आजही नक्की माहीत नाही. एवढं माहीत आहे की पंधरा दिवसांनी सकाळी वाडीच्या लोकांनी बघितलं तर कातळाकडे जाणारे झेंडे नव्हते. कुणी तरी उपटून नेले होते. ते दिसले वरच्या अंगाला, बापूसाहेबांच्या शिवारातून, त्यांच्या गावाच्या वेशीजवळून नदीकडे जाताना. गाळाकडे.

मीरसाहेबांची बदली झाली. जाताना ते बोरीत माझ्याकडे आले. अंथरूण-पांघरूण गाडीत बांधलेलं होतं. म्हणाले, "मास्तर, मैं लिख के दिया. साफ लिखा, उधर पाया नहीं ठहरता. मेरे से जित्ता हुआ उत्ता किया." मग त्यांनी विचारलं, "वो कागज... उन लोगां कू पूरा सुनाए ना आप?"

"जी हां," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. भला माणूस. माझं बोलणं त्याला खरं वाटलं. तो हात मी कितीतरी दिवस धुवत होतो असं म्हटलं तर ते नाटकी होईल. तसं काही झालं नाही. मी संध्याकाळी जेवलो आणि झोपलो.

धोंडिबाच्या जमिनीचं काय झालं ते आता सांगतो. सडक तिथून जाणार नव्हती, पण जमीन दिलेली होती. खालच्या थरात चांगला मुरूम होता. खात्याचे मजूर आले आणि त्यांनी खोदायला सुरुवात केली. ज्वारी काढायची होती, कणसं भरलेली होती. आधी त्यांनी धाटं आडवी केली. वाडीचा माणूस पळत शाळेत आला. मी गेलो तेव्हा शेताच्या मधोमध कंबरभर खड्डा झाला होता. पिवळा मुरूम काळ्या मातीवर ढीग करून टाकलेला. विहिरीच्या काठावर मजूर बसून भाकरी खात होते.

धोंडिबानं घरातून कागद आणला होता. त्याची नक्कल त्याच्याकडे होती. त्यानं ती देव्हाऱ्यात ठेवली होती. कागदाला हळद-कुंकू लागलेलं. त्यानं तो माझ्यापुढं धरला.

"मास्तर, ही मानसं म्हणायलीत की असं लिवलेलं हाय. हाय का?"

मी कागद घेतला. वाचायची गरज नव्हती तरी वाचला.

"आहे."

"तवा ऐकल्यासारखं वाटंना मला."

"घाईत राहिलं असेल, धोंडिबा."

"राहिलं असंल," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, मलाच धीर द्यावा तसा म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका. मानसाकडून व्हतं."

गयाबाई थोड्या अंतरावर उभी होती, आडव्या पडलेल्या धाटांतून कणसं खुडून ओच्यात घेत होती. तिनं आमचं बोलणं ऐकलं. हात थांबला नाही. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत कणसं खुडायला लागली. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या झेलल्या असत्या, वाटेत कुठं तरी विसरलोही असतो. तिनं दिल्या नाहीत.

मी कमिटीत बोललो का? एकदा बोललो. बापूसाहेब म्हणाले, "मास्तर, सही कुणाची आहे खाली? वाचून समजावलं म्हणून?" त्यानंतर बोललो नाही.

सडक झाली. बापूसाहेबांच्या गावाला मोठी शाळा झाली आणि मी तिथं हेडमास्तर झालो. हे सगळं लोकांपुढं झालं. शाळेला कौलं चांगली होती, दोन खोल्या, मागं लिंबाची झाडं. मुलं चांगली शिकली माझ्या हाताखाली. त्यांतले काही मोठ्या हुद्द्यावर गेले. दिवाळीला येऊन पाया पडतात. मी त्यांना आशीर्वाद देतो. पुलाचं म्हणाल तर गाळात पाच खांब उभे राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांतले दोन कलले. काम थांबलं ते थांबलंच. खांब तसेच उभे, एक इकडे कललेला, एक तिकडे. वर बगळे बसायचे. गाड्या पहिल्यासारख्या उतारानं जायला लागल्या आणि बाभळींना पहिल्यासारखा कापूस लागायला लागला.

उरलेल्या सडकेला खडी लागायची. धोंडिबा खडी फोडायला जायचा. खोदता खोदता खड्डे दिलेल्या जमिनीबाहेरही पसरले होते; सात एकरातला एक तुकडा आणि विहीर तेवढी राहिली होती. त्यावर दोघांचं भागत नव्हतं. मी शाळेत जाताना तो मला सडकेच्या कडेला दिसायचा. दोन पायांत दगड धरलेला, हातात हातोडा, डोक्याला फडकं. दगडाची कपची उडून त्याचा एक डोळा गेला होता. मला बघून तो हातोडा खाली ठेवायचा आणि रामराम घालायचा. "रामराम मास्तर, शाळंला का?" रोज. मी लांबच्या पाऊलवाटेनं जायला लागलो. शेतातनं, चिखलातनं. बायको विचारायची, सडक असताना पाय कशानं भरले? एका उन्हाळ्यात तो गेला. मला दोन दिवसांनी कळलं.

मग निजामी गेली. कचेरीतली उर्दू गेली, नवे अधिकारी आले, आणि कागद मराठीत आले. मराठी तर सगळ्यांची. अंगठे उठवणारे मात्र तेच. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात पुलाचं काम पुन्हा निघालं. नव्या साहेबांनी जुनी दप्तरं काढली तेव्हा त्यांना मीरसाहेबांचा अहवाल सापडला. त्यांनी स्वतः नदीत माणसं उतरवून पाहिलं आणि पूल कातळावरच घ्यायचं ठरवलं. आज एस.टी. त्याच पुलावरून जाते. मीही जातो. खाली बघत नाही.

त्यासाठी गयाबाईचा उरलेला तुकडा लागत होता. साहेब तरुण होते, नीट बोलणारे. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही इथले जुने, जाणते. बाईंना कागद वाचून समजावून सांगा." मी नाही म्हणू शकलो नाही; का नाही म्हणतो ते सांगावं लागलं असतं. आम्ही दोघं वाडीला गेलो. दुपारच होती. गयाबाई दारात जात्यावरचं पीठ भरत होती. केस सगळे पांढरे झालेले. साहेबांनी येण्याचं कारण सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग साहेब माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे गुरुजी तुम्हाला सगळं वाचून दाखवतील."

"ते नको," ती म्हणाली.

साहेबांना कळेना. "अहो, हेडमास्तर आहेत ते."

"असू द्या. दुसरं कुणीबी चालंल. ते नको."

आवाज चढला नव्हता तिचा. भात नको, पोळी वाढा, असं सांगावं तसं ती बोलली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी अंगणाबाहेर जाऊन कुडाच्या मेढीला टेकून उभा राहिलो. तिथून निघून जायला हवं होतं. पाय निघाले नाहीत.

गयाबाईनं पुतण्याची बायको बोलावली. कौसल्या तिचं नाव. मानवतला माहेर, तिथं मराठी तीन-चार इयत्ता शिकलेली. तिनं हात पुसले, कागद घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागली. ‘संपादन’ शब्दाला ती अडली, मागं गेली, पुन्हा आली. साहेब शब्द सांगायला पुढं झाले तर गयाबाई म्हणाली, "वाचू द्या तिला." कुडाच्या पलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. सावली अंगणभर पसरली. मग ते वाक्य आलंच. नव्या कागदातही ते होतं, शब्द वेगळे, अर्थ तोच. कौसल्येनं ते तसंच, अडखळत, शेवटपर्यंत वाचलं.

गयाबाई उठणार असं मला वाटलं.

ती उठली नाही. म्हणाली, "म्हंजी सडक तुमी दुसरीकडं बी न्याल?"

"तसं होणार नाही, बाई. पण नियम आहे, लिहावं लागतं."

"लिवा की. पर मग त्याच्या खाली आणिक येक लिवा. दुसरीकडं नेली तर जमीन माघारी."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, कौसल्येच्या हातातून कागद घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि समासात तेवढी एक ओळ लिहिली. खाली स्वतःची सही केली. कागद परत कौसल्येकडे दिला. तिनं ती ओळ वाचून दाखवली. गयाबाईनं हात पदराला पुसला आणि अंगठा पुढं केला.